हाताला माहीत असलेली जागा

९ मार्च

डायरी लिहिणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. जे तोंडावर बोलायची हिंमत नाही ते वहीत लिहायचं, म्हणजे चोराच्या मनात चांदणंच. पण दवाखान्यातून घरी आल्यापासून मला कुणी भेटायचं नाही, मी कुठे जायचं नाही. लेकीनं ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, माझं डोकं खाण्यापेक्षा हिचं खा." तर आता हिचं खाते.

मला रक्ताचा कॅन्सर झाला. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं ती जागा औषधांनी जाळून रिकामी केली, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या रक्तातून काढलेल्या मूळ पेशी एका पिशवीतून माझ्या शिरेत सोडल्या. टोमॅटोच्या रसासारखी दिसणारी एवढीशी पिशवी. त्या पेशी माझ्या हाडांत जाऊन बसल्या आणि रक्त बनवायला लागल्या. डॉक्टरीणबाईंच्या भाषेत "छान रुजल्या".

आज तपासणीला गेले तेव्हा त्यांनी पुन्हा बजावलं. नव्या पांढऱ्या पेशी बहिणीच्या आहेत, त्यांना माझं शरीर परकं वाटू शकतं. तसं वाटलं तर त्या ठरावीक जागी जमतात आणि ती जागा पोखरायला लागतात. कातडी, आतडी, यकृत. "तळहातावर पुरळ, पातळ जुलाब, शौचातून रक्त, पिवळे डोळे. काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवायचं. उद्या बघू, असं चालणार नाही. आतड्याचं दुखणं एकदा हाताबाहेर गेलं की माणूस वाचवणं कठीण असतं."

मी विचारलं, त्यांना आतडं कुठे आहे हे कळतं कसं? रक्ताबरोबर वाहत तर त्या सगळीकडेच जात असतील.

"टपालासारखं. प्रत्येक पेशीवर पत्ता असतो."

आता टपाल वेगळं करायच्या खोलीत माझं अर्धं आयुष्य गेलंय. पाकिटावर नुसता पत्ता असून काय होतं? तो वाचणारं माणूस लागतं. मी तसं म्हटल्यावर बाई हसल्या आणि त्यांनी फोनवर एक चित्रफीत दाखवली. जिवंत उंदराच्या शिरेच्या आतली. पेशी घरंगळत येतात, भिंतीला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. भिंतीवर खुणा असतात आणि पेशीच्या अंगावर त्या खुणा ओळखणारे बारीक हात असतात. त्या त्यांना रिसेप्टर म्हणाल्या, मी हातच म्हणणार. खूण जुळली नाही तर पेशी पुढे जाते. जुळली की थांबते, चपटी होते आणि भिंतीच्या फटीतून आत शिरते.

"आणि हे हात तिला शिकताना मिळतात," बाई म्हणाल्या. "आतड्याजवळच्या गाठींत जी शिकली तिला आतडं ओळखणारे, कातडीजवळ शिकली तिला कातडी ओळखणारे. मग तिला कुणाच्याही शरीरात सोडा. कधी न पाहिलेल्या शरीरातसुद्धा ती बरोबर तिथेच जाते."

म्हणजे इथे पोस्टमन नाहीच. पाकीटच चालत निघतं, अंधारात भिंत चाचपत. मला ते काही आवडलं नाही.

१४ मार्च

तळहात लाल झालेत, खाजतात. लगेच सांगितलं. गुणाची बाई मी. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. बाहेर जाता जाता बाईंनी ह्यांना बाजूला घेतलं, "झोप उडेल, चिडचिड होईल. कधी कधी माणूस फार संशयी होतो, लक्ष ठेवा." मला ऐकू जाणार नाही असं वाटलं असावं. रक्त बदललंय, कान माझेच आहेत.

ह्यांची रजा संपली. लेकीची परीक्षा तोंडावर. म्हणून धाकटी येणार आहे माझ्याजवळ राहायला. तिचा नवरा बाहेरगावी नोकरीला, मुलगा वसतिगृहात, तेव्हा तिला अडवणारं कुणी नाही.

धाकटीचं आणि माझं भांडण नाही. लोकांना वाटतं, असणार. आम्ही नेहमी आईच्या घरी भेटायचो. आई गेली, ते घर गेलं, आणि भेटायला जागाच उरली नाही. माझ्या या घरात ती कधी आलेली नाही, आणि तिच्या घरात मी. आईच्या शेवटी धाकटीच तिच्याजवळ होती. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. अशक्तपणानं गेली म्हणाले. धाकटी त्याबद्दल कधी बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

१८ मार्च

आली. बॅग ठेवली, पाय धुतले, आणि तेवढ्यात वीज गेली. दिवेलागणीची वेळ, स्वयंपाकघरात काळोख. मी उठून काडेपेटी कुठे आहे ते सांगणार, तर आत मेणबत्ती पेटलेलीसुद्धा.

"काडेपेटी सापडली?" मी विचारलं.

"हो की. खिडकीच्या चौकटीवर."

माझी काडेपेटी खिडकीच्या चौकटीवरच असते, पडद्याच्या आड. बाहेरून दिसत नाही. ह्यांना या घरात राहून ती अजून सापडत नाही.

२२ मार्च

मीठ. मी मीठ बाकीच्या डब्यांत ठेवत नाही, शेगडीमागच्या कोनाड्यात ठेवते. धाकटी भाजी परतत माझ्याशी बोलत होती, तोंड माझ्याकडे. न बघता तिचा डावा हात मागे गेला आणि मीठ घेऊन आला. (ती डावखुरी आहे, आईसारखी.) कात्री दोऱ्यांच्या डब्यात, जुनी फडकी पिंपाखाली, पावत्या आरशामागे. एकदाही "ताई, अमुक कुठे गं?" असं विचारलं नाही.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बरंच आहे की. तुझे पाय दुखायचे वाचले." पुरुषांना घर म्हणजे भिंती वाटतात.

संध्याकाळी ती बोळातून आतल्या खोलीत जात होती. दिवा लावला नाही. डावा तळवा भिंतीवर टेकवून चालत होती, सरकत, थांबत, सरकत. खोलीच्या दारापाशी थांबली आणि आत शिरली. मी तो उंदराच्या शिरेतला खेळ पाहिला नसता तर मला काही वाटलं नसतं.

३० मार्च

आमच्या मागच्या खोलीत पाहुण्यांसाठीच्या गाद्या लोखंडी पेटीवर रचून ठेवलेल्या असतात, भिंतीला लागून. धाकटी त्यातली एक घेऊन झोपते आणि सकाळी घडी करून परत ठेवते. इथवर ठीक. पण ठेवल्यावर ती भिंतीच्या बाजूनं गाद्यांच्या मागे हात घालते. खांद्यापर्यंत. आतून वरपासून खालपर्यंत चाचपते. मग हात काढते आणि चहा टाकायला जाते.

आज तिसऱ्यांदा पाहिलं. दाराच्या फटीतून, म्हणजे माझ्याच घरात मी चोरासारखी उभी. काय शोधते? विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, झुरळं बघत होते."

माझ्या घरात झुरळं नाहीत.

६ एप्रिल

रक्ताचा रिपोर्ट आला. बाई खूश. "शंभर टक्के! आता रक्तात तुमची जुनी एकही पेशी उरलेली नाही. सगळ्या बहिणीच्या. हळूहळू रक्तगटही तिचाच होईल." पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

मी हसले. काय करणार? घरी येऊन आरशात पाहिलं. केस नाहीत, तोंड स्टेरॉइडनं फुगलेलं. धाकटी मागून आली आणि माझ्या खांद्यावरून आरशात डोकावली. दोघींत माझ्यासारखी तीच दिसत होती.

टपालखोलीतली मैत्रीण फोनवर धाकटीशी बराच वेळ बोलली, मी समजून. धाकटीनं तिला सांगितलं की मी ताई नाही, पण तोवर साहेबांच्या सगळ्या चुगल्या सांगून झाल्या होत्या. सगळे हसले. लेकीनं आतून "आईऽ" अशी हाक मारली तेव्हा दोन "ओ" गेल्या. त्यावरही हसले. जेवताना हे म्हणाले, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काही उगाच नाही."

म्हणून झाल्यावर त्यांनी जीभ चावली. धाकटी म्हणाली, "भाऊजी, भात घ्या," आणि वाढलासुद्धा. ती स्वतः मात्र फारसं जेवत नाही, आत्ताच खाल्लं म्हणते. कधी खाते, मी तरी पाहिलेलं नाही. दुपारी माझ्याआधी तीच आडवी होते. सेवेला आलेलं माणूस!

१५ एप्रिल

काल संध्याकाळपासून पोट बिघडलंय. सारखं जावं लागतं.

सांगायला हवं, हे मला कळतं. मी काही वेडी नाही. पण सांगितलं की काय होणार, तेही कळतं. धाकटी वीस तारखेच्या सुमाराला परत जायची आहे, "ताई बरी आहे, आता काय" असं कालच म्हणत होती. पोटाचं सांगितलं की तिचं जाणं रद्द. मग मी दवाखान्यात आणि ती इथे, माझ्या चौकटीवरची काडेपेटी घेऊन. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे वासे आधी फिरलेत, घर फिरायचं बाकी आहे.

ती एकदा गेली की सांगेन. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न.

१८ एप्रिल

धाकटीनं विचारलं, "पोट साफ होतं ना?" मी म्हटलं, घड्याळ लावून. माझ्याकडे बघत राहिली. आमच्या आईच्या डोळ्यांनी. तिला आईचे डोळे मिळाले, मला आईचे गुडघे.

नळ मोठा सोडून ठेवते, म्हणजे आवाज जात नाही. कपडे माझे मीच धुते. "ताई, मी धुते ना," म्हणाली. म्हटलं, एवढं तरी माझं माझ्याकडे राहू दे.

२० एप्रिल

गेली नाही. "अजून चार दिवस राहते, मला जावंसं वाटत नाहीये." आयत्या बिळावर नागोबा!

आज रक्त दिसलं. थोडंच.

२२ एप्रिल

विचार करत पडले होते. या रक्तात माझं काहीच नाही. मग माझ्या पोटाची भिंत कोण चाचपतंय? तिचेच हात. बाहेर ती खोल्या चाचपते आणि आत तिच्या पेशी. न पाहिलेल्या घरात येऊन दोघी बरोबर जागेवर जातात. यात मी कुठे आहे? मी फक्त भिंत. हे मी ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, गोळ्यांमुळे वाटतंय. प्रत्येक खरी गोष्ट या घरात गोळ्यांमुळे वाटते.

लेक जवळ येऊन बसली. हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, किती गार आहेस." मला तिला घट्ट धरावंसं वाटलं. पण तेवढ्यात जावं लागलं.

२४ एप्रिल

उभं राहिलं की भिंत हलते. सूप बेसिनमध्ये ओतलं. आत्ताच खाल्लं, असं सांगितलं.

२६ एप्रिल

आज कपडे धुवायची ताकद नव्हती. बादली उचलेना. सगळं एका पिशवीत घातलं, गाठ मारली. घरात कुणी नव्हतं, धाकटी औषधं आणायला गेली होती. कचऱ्यात टाकलं तर दिसेल. कपाटात वास येईल. मी पिशवी घेऊन बोळात उभी राहिले, डोक्यात काहीच नाही. मग भानावर आले तेव्हा मी मागच्या खोलीत होते आणि हात गाद्यांच्या मागे होता. खांद्यापर्यंत. पिशवी आत सरकवलेली.

तिथेच ती रोज बघते, हे मला माहीत आहे. मीच वर लिहून ठेवलंय. तरी हात तिथेच गेला. पुन्हा काढायला गेले तर वाकवेना. उद्या सकाळी ती उठायच्या आत काढीन.

१९ मे

पुन्हा लिहिता येतंय. अक्षर कोंबडीचे पाय, पण माझं.

२७ तारखेला मी उठायच्या आत ती उठली होती. मी मागच्या खोलीच्या दारात पोचले तेव्हा धाकटी जमिनीवर बसली होती, पिशवी मांडीवर, गाठ सोडलेली. मला वाटलं ओरडेल. तिनं गाठ परत मारली आणि उठली. "चप्पल घाल," एवढंच म्हणाली. ह्यांनी गाडी काढेपर्यंत तिनं मला धरून ठेवलं होतं. एवढी हडकुळी बाई, पण मला हलू दिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर सुनावायला समोर कुणी उरलं नसतं, असा त्याचा सारांश. स्टेरॉइड पुरेना, तेव्हा एक वेगळं औषध शिरेतून दिलं. ते पेशींना मारत नाही. आतडं ओळखणारे जे हात आहेत, त्यांवर हातमोजे चढवतं. मग पेशी आतड्याच्या दारावरून जातात, त्यांना खूण लागत नाही, आणि त्या पुढे वाहत जातात. हळूहळू आतलं भांडण निवलं. काल मी साधा भात खाल्ला आणि तो पोटात राहिला.

बाई गेल्यावर मला एक विचित्र वाईट वाटलं. तिच्या लाखो पेशी माझ्या अंगात फिरतायत, दार चाचपतायत, आणि दार सापडत नाही. भांडकुदळ असतील, पण बिचाऱ्या घरीच चालल्या होत्या.

२१ मे

आज धाकटीला विचारलंच. गाद्यांमागे काय शोधत होतीस?

ती संत्रं सोलत होती. सोलून झालं, शिरा काढून झाल्या. मग म्हणाली, "आई तिथेच लपवायची ना गं."

आणि मला आठवलं. आईच्या घरी लोखंडी पेटीवर गाद्या, आणि गाद्यांमागे आईचं गुपित. आमच्यापासून लपवलेला खाऊ, वाढदिवसाचे फ्रॉक. आम्ही दोघी मागे हात घालून चाचपायचो.

"आई गेल्यावर मी गाद्या काढल्या," धाकटी म्हणाली. "मागे पिशव्या होत्या. एकीवर एक. तिला कधीपासून रक्त जात होतं, देव जाणे. मी त्याच घरात होते, ताई. रोज तिच्यासमोर बसून जेवत होते. ती म्हणायची, तू खा, मी आत्ताच खाल्लं. तुला कसं सांगणार होते? तुझ्या घरात पाऊल टाकलं, तर काडेपेटी आईच्या जागी, मीठ आईच्या जागी. गाद्यासुद्धा पेटीवर, भिंतीला लागून. म्हटलं, ही सगळंच आईसारखं करणार."

मी घर आईसारखं लावलंय हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, मी माझ्या सोयीनं लावलंय.

मी खूप रडले. नर्स बघायला आली, कुठे दुखतं का म्हणून. धाकटीनं संत्र्याची एक फोड माझ्या तोंडात कोंबली आणि तिला सांगितलं, "दुखत नाहीये, दोघी जाम हट्टी आहोत."

१० जून

घरी. धाकटी आज गेली. जाताना मी तिला सांगितलं की मला परवानगी मिळाली की पहिली तुझ्याकडे येणार. "ये की," म्हणाली. मग थांबून, "पण जरा आधी कळव."

गाडीत चढताना दांड्याला धरून क्षणभर उभी राहिली, दम लागल्यासारखी. एवढे दिवस माझं केलं, दमणारच.

२ सप्टेंबर

रक्तगट बदलला. कार्डावर खाडाखोड करून धाकटीचा घातला. ह्यांनी विचारलं, मग आता मी कुणाचा नवरा? मी म्हटलं, ते जेवणाच्या वेळी ठरवू.

धाकटीला फोन केला. आवाज बसलेला. पावसाळी हवा आहे म्हणाली. मग लेकीची चौकशी केली, ह्यांची केली, माझ्या पोटाची तर दोनदा केली. तिचं विचारलं तर, "मला काय होतंय?"

३ डिसेंबर

परवानगी मिळाली, आणि मी धाकटीच्या घरी आले! गाडीतून उतरले आणि सामान तिथेच टाकून दार वाजवलं. तिनं दार उघडलं तेव्हा ओळखायला पळभर लागला. केवढी वाळलीय. मी म्हटलं, माझी चरबी तुला हवी का, स्टेरॉइडची आहे, फुकट. हसली. नखं पांढरी फटक दिसली, पण बोळातला दिवा उडालेला आहे, त्या उजेडात काय कळतंय?

तिनं सूप केलं. चव बघितली, मीठ कमी. ती ताटल्या पुसत होती. मी ढवळत होते आणि आम्ही आईच्या शिवणयंत्राबद्दल बोलत होतो, ते कुणी नेलं वगैरे. मीठ घातलं, ढवळलं. पाहिलं तर धाकटी माझ्याकडे बघतेय.

"मीठ कुठे होतं?" तिनं विचारलं.

"शेगडीच्या मागे." तिच्या शेगडीच्या मागे, डाव्या अंगाला, डावखुऱ्या माणसाला सोपं पडेल असा कोनाडा आहे. "आईच्या जागीच ठेवलंयस की."

"ते नाही गं. डाव्या हातानं घेतलंस."

मी पाहिलं. चमचा डाव्या हातात होता. मी कधीच डाव्या हातानं काही करत नाही, साधी गाठ सोडता येत नाही मला त्या हातानं. आम्ही दोघी हसलो. मी थोडी उशिरा हसले.

ती जेवली नाही. आत्ताच खाल्लं म्हणाली.

४ डिसेंबर

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. हात रिकामे ठेवायचे नाहीत म्हणून.

सकाळी धाकटी आंघोळीला गेली होती. मी अंथरूण आवरलं. तिच्याकडेही लोखंडी पेटी आहे, तिच्यावर गाद्या, भिंतीला लागून. मी माझी गादी घडी करून वर टाकली. मी काही शोधत नव्हते. काल ती जेवली नाही, नखं पांढरी, हे सगळं मी पाहिलं होतं, पण माझ्या डोक्यानं त्याची बेरीज केली नव्हती. आता करतेय. गादी टाकली आणि वळणार, तेवढ्यात हात मागे गेला. डावा. खांद्यापर्यंत. वरून खाली चाचपत गेला आणि थांबला.

पिशवी हाताला लागली. तिच्याखाली आणखी एक.

गाठ सोडायची गरज नव्हती. मी पिशवी मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. धाकटी ओल्या केसांनी बाहेर आली, मला पाहिलं आणि दाराला टेकली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"माझ्याकडे होतीस, तेव्हा?"

"तेव्हा थोडंच जायचं. तू आजारी होतीस ताई. घरात एका वेळी एकीनंच आजारी पडावं."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जिनं आईच्या पिशव्या काढल्या, जिनं माझी काढली, तीच! माझ्या घरात रोज सकाळी गाद्यांमागे चाचपत होती, आणि तिचं स्वतःचं रक्त... मी मारलं नाही. तिला जवळ घेतलं. तिच्या छातीची धडधड मला माझ्या बरगड्यांत लागत होती आणि ती कुणाची, हे सांगता येईना.

"इथेच का ठेवलीस?" मी विचारलं. "मी येणार हे माहीत होतं ना?"

"काल तू उतरलीस तशी घाईनं उचलली, कुठे ठेवू कळेना." तिनं डोळे पुसले. "हात तिथेच गेला गं."

मी उठले. "चप्पल घाल," म्हटलं.

आत नेलंय तिला. इथल्या डॉक्टरांनी लपवलं नाही. रक्त फारच कमी आहे, आतड्यात काहीतरी आहे, बघितल्यावर कळेल, पण अजून हातात वेळ असावा असं म्हणाले. "असावा" हा शब्द मी मनात घोळवतेय. तिच्या नवऱ्याला फोन केला, तो निघालाय. आमच्याकडेही केला. लेक म्हणाली, "मावशीला सांग मी येतेय." माझ्या डॉक्टरीणबाईंनाही केला. मुद्दाम विचारलं, माझं रक्त तिला देता येईल का, तिचंच तर आहे. नाही म्हणाल्या. मला आलं, ते परत जात नाही.

आत्ता नर्स बाहेर आली. कागद पुढे करून म्हणाली, पिशव्या मागवायच्यात, पेशंटचा रक्तगट माहीत आहे का. मी सांगितला.

"नक्की तिचाच ना? की तुमचा सांगताय? घाईत लोक चुकतात."

"एकच आहे," मी म्हटलं, आणि सही केली. डाव्या हातानं. आईचं अक्षर आलं.